दोन नंबरचं बटण

रुस्तावीच्या बाजारात धुळीत उभ्या गाड्या,
कुणाचं तोंड फुटलेलं, कुणाची कूस दबलेली,
सगळ्या समुद्रापलीकडून आलेल्या
आपापला अपघात पचवून.
झुंबेर मेकॅनिक खाली वाकून म्हणाला,
लामारा, ही नको.
चार आण्याची कोंबडी होईल, बारा आण्याचा मसाला.
आणि मसाला जर्मनीहून मागवावा लागेल.

मी घेतली.

एकोणीस वर्षं निवातून गेले,
तेत्रीत्सकारोचा घाट, पहाटे चारला,
मागे सुलुगुनीच्या बादल्या,
मिठाचं पाणी प्रत्येक वळणाला हिंदकळून माझ्या मानेवर.
हीटरच्या जागी ओतियाचा जुना कोट.
तेव्हा परवडतं का, असं
माझ्या पाठीच्या वतीने कुणी विचारलं नाही.

हिच्या खुर्च्यांचं चामडं सायीच्या रंगाचं.
दुसऱ्याच दिवशी मी त्यावर
फुलाफुलांचं मेणकापड अंथरलं.
आठवड्यात आतला वास गोठ्याचा झाला,
मग मला जरा मोकळं वाटलं.

पंपावरचा मुलगा आता ‘कालबातोनो’ म्हणतो,
वाकून, बाईसाहेब म्हणावं तसा,
आणि टाकी भरतच राहतो, भरतच राहतो.
बाजारात मात्र गिऱ्हाईक भाव पाडतं,
तुला काय कमी आहे, म्हणतं, अशी गाडी फिरवतेस!
म्हणून मी ती दोन गल्ल्या अलीकडे उभी करते
आणि बादल्या हाताने वाहून नेते.
हसा.
मीही हसते, तिसऱ्या फेरीपर्यंत.

रात्री तिच्या पायांतली हवा निघून जाते.
सकाळी बघावं तर अंगणात बसलेली,
एका कुशीवर कललेली.
शेजारी म्हणतात, दारात हत्ती बांधलाय लामाराने.
हत्ती कसला.
किल्ली फिरवली की कण्हते, थरथरते,
आणि आधी मागचं धूड उचलते, मग पुढचं.
असं कोण उठतं ते मला ठाऊक आहे,
जन्म गेला त्यांच्या सडांखाली.

दारावर तीन बटणं आहेत.
एक दाबलं
तर खुर्ची मागे मागे गेली, खाली बसली,
माझे पाय हवेत, समोर नुसतं आभाळ.
कुणी उंच माणूस होता.
दोन दाबलं.
खुर्ची पुढे आली, वर आली,
कमरेपाशी थोडी फुगली,
आरसे आपणहून खाली झुकले
आणि माझ्या नेमके डोळ्यांत येऊन थांबले.

म्हणजे तिकडे कुणी होती,
एवढ्याच बुटक्या पायांची,
कमरेत इथेच दुखणारी.
ती काय विकायची, की काहीच विकायची नाही,
मुलांना सोडायची, की एकटीच बसून राहायची
एखाद्या दुकानाबाहेर, इंजिन चालू ठेवून?

झुंबेरला विचारलं,
गाडी जहाजातून उतरली तेव्हा
खुर्ची कुठे होती, पुढे की मागे?
तो नट पिळत होता.
म्हणाला, एवढं कोण बघतं!
धडक उजवीकडून होती, इतकं सांगतो.
चालवणारा डावीकडे बसतो, लामारा.
मग उजवीकडे कोण होतं, हे मी विचारलं नाही.

तिसरं बटण रिकामं आहे.
ओतिया म्हणतो, त्यात तुझं माप भरून टाक.
मी म्हणते, भरेन.

रविवारी तो गाडी घेऊन जातो बहिणीकडे,
सगळं बिघडवून आणतो,
खुर्ची, आरसे, रेडिओ,
सूर्यफुलाच्या टरफलांनी भरलेला खण.
सोमवारी पहाटे चारला, अंधारात,
मी चढते, दोन दाबते.
मोटर घुरघुरते. कुणीतरी मला
हळूच पुढे सरकवतं, चाकापाशी.
मागे झाकण नीट बसलेलं नसतं,
पाणी ठिबकायला लागलंय.